नुसते पाणी

"रक्त नाही, वास नाही, खाज नाही. नुसतं पाणी जातं हो मॅडम, नळ नीट बंद न झाल्यासारखं."

शरीरातून काढलेले तुकडे काचेवर पाहून त्यांत काय आहे ते लिहून देणे हे माझे काम आहे, आणि या कामात रुग्णाची प्रत्यक्ष भेट सहसा होत नाही. रुग्ण आमच्यापर्यंत येतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतून, एका क्रमांकासह आणि एका कागदासह. त्या कागदावर रुग्णाची तक्रार लिहिण्यासाठी एक ओळ राखलेली असते. या बाईंच्या कागदावर त्या ओळीत दोनच शब्द होते: 'पांढरे जाणे'. त्यांच्या तोंडचे वरचे वाक्य मी ऐकले ते त्यानंतर सात महिन्यांनी. मधल्या काळाविषयी मला लिहायचे आहे, कारण त्या काळाच्या सुरुवातीला जो रिपोर्ट गेला, त्याच्याखाली माझी सही होती.

बाईंचे वय शेहेचाळीस. पाणी जायला लागून तेव्हा दोन वर्षे होत आली होती. आधी त्यांना वाटले लघवीवरचा ताबा सुटला असेल, मग वाटले पाळी जाण्याचे दिवस जवळ आले असतील. जंतुसंसर्ग समजून गोळ्यांचे तीन-चार कोर्स झाले. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पाहण्याची तपासणी, दोनदा झाला आणि दोन्ही वेळा तो नॉर्मल आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा असणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाशी पाण्याने भरलेल्या काही बारीक गाठी दिसल्या, पण तशा गाठी असंख्य निरोगी स्त्रियांमध्ये असतात. त्यांना नाबोथियन सिस्ट म्हणतात आणि त्या पाहून कोणी घाबरत नाही. शेवटी मुखाच्या पृष्ठभागावरून एक लहानसा तुकडा घेऊन तो माझ्याकडे पाठवण्यात आला. मी लिहिले: जुनी सूज, घातक पेशी आढळल्या नाहीत.

पाणी काही थांबले नाही. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञ अनुभवी आहेत, आणि समाधान झाल्याशिवाय एखादी गोष्ट सोडून देणाऱ्या नाहीत. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "तुमचा रिपोर्ट मी मानते, पण या बाईंचं पाणी थांबत नाही. पाणीच आहे, पांढरं नव्हे. आता खोलवरचा तुकडा पाठवते." 'पाणी' हा शब्द माझ्या कानांवर पडला तो तेव्हा प्रथम.

खोलवरचा तुकडा म्हणजे कोन बायोप्सी. गर्भाशयाच्या मुखातून शंकूच्या आकाराचा भाग कापून काढतात, त्याच्या क्रमाने चकत्या करतात, त्या मेणात बसवून त्यांचे ब्लॉक करतात आणि मायक्रोटोमवर केसाहून कितीतरी पातळ काप घेऊन ते काचेवर पसरतात. काचेवरच्या दृश्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या आजाराची सगळी अडचण तिथे आहे.

गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गाला उंच पेशींची एकच रांग असते. प्रत्येक पेशीचे केंद्रक तळाशी बसलेले असते आणि वरचा सगळा भाग म्यूकसने, म्हणजे बुळबुळीत स्रावाने, भरलेला असतो. हीच रांग ठिकठिकाणी आत वळते आणि तिच्या ग्रंथी होतात. कर्करोग झाला की ही शिस्त मोडते: केंद्रके मोठी आणि काळपट होतात, एकमेकांवर चढतात, जागोजागी विभाजनाच्या आकृत्या दिसू लागतात. शिकताना आमचा डोळा याच खुणांवर घडवला जातो. या बाईंच्या काचेवर मात्र रांग जवळपास जशीच्या तशी होती. केंद्रके लहान, तळाशी, समजूतदारपणे बसलेली. विभाजने शोधूनही सापडेनात. कमी भिंगाखाली पाहिले असते तर कोणीही काच बाजूला ठेवून पुढची उचलली असती.

विचित्र होती ती जागा. निरोगी ग्रंथी पृष्ठभागापासून साधारणपणे ७-८ मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. इथे त्या १ सेंटिमीटरहून खोल, जाड भिंतींच्या रक्तवाहिन्यांना खेटून बसल्या होत्या. मग आकार लक्षात आला. गोल किंवा लांबट असायला हव्यात अशा ग्रंथींना कोपरे फुटले होते. काही खेकड्याच्या नांगीसारख्या वळल्या होत्या. एका ग्रंथीभोवतीचा आधाराचा तंतुमय भाग फिकट आणि सैलसर झाला होता, आणि निरोगी ग्रंथीभोवती असा बदल होत नाही. भोवतालच्या ऊतींना ही ग्रंथी परकी वाटत होती. आपली वाटत होती ती फक्त माझ्या डोळ्याला.

मी खुर्ची मागे सरकवली आणि काही वेळ तशीच बसून राहिले.

या आजाराचे आजचे नाव आहे जठरसदृश ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे जठरासारख्या ग्रंथींचा कर्करोग. गर्भाशयमुखातल्या पेशी इथे जठराच्या शेवटच्या भागातील ग्रंथींसारख्या वागू लागतात आणि त्या ग्रंथींच्या जातीचे म्यूकस तयार करू लागतात. पाणी येते ते याच स्रावामुळे. त्याचे जे अतिशय सभ्य दिसणारे रूप असते, जे मी पाहत होते, त्याचे वर्णन जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ गुसेरो यांनी १८७० सालीच केले होते. पुढे त्याला 'ॲडिनोमा मॅलिग्नम' म्हटले गेले. सौम्य गाठ आणि घातक हे दोन्ही शब्द एकाच नावात. १९७५ मध्ये सिल्व्हरबर्ग आणि हर्ट यांनी 'मिनिमल डेव्हिएशन ॲडिनोकार्सिनोमा', म्हणजे मूळ रूपापासून अगदी किंचित ढळलेला कर्करोग, असे नाव सुचवले. हे नाव विद्यार्थिदशेपासून माझ्या तोंडात बसलेले आहे, तरी ते मला पटत नाही. किंचित ढळलेले असते ते फक्त रूप. २००७ मध्ये जपानमधील कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरसदृश प्रकार वेगळा काढून दाखवला आणि तो नेहमीच्या ग्रंथींच्या कर्करोगापेक्षा अधिक आक्रमक असतो हेही दाखवले. गर्भाशयमुखाच्या ग्रंथींचे जे कर्करोग असतात, त्यांत हे सभ्य रूप सुमारे १ टक्का असते, म्हणजे एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या सबंध कारकिर्दीत ते मोजक्या वेळा समोर येते, आणि आले तरी ओळखू येईलच असे नाही.

पहिला संशय आल्यावर त्यावर थेट सही करता येत नाही. मी विशेष रंग मागवले. पीएएस आणि अल्शियन ब्लू हे दोन रंग एकत्र दिले की गर्भाशयमुखाचे नेहमीचे म्यूकस जांभळट दिसते आणि जठराच्या जातीचे लालसर. त्या दिवशी काच भिंगाखाली सरकवली तेव्हा वरच्या निरोगी ग्रंथी जांभळ्या होत्या आणि खालच्या, नांगीसारख्या वळलेल्या ग्रंथी कुंकवासारख्या लाल. एरवी सारख्या दिसणाऱ्या पेशी रंगाने दोन गटांत उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगाने उमटवून पाहण्याची तपासणी, झाली. एचपीव्हीमुळे झालेल्या कर्करोगात पी१६ हे प्रथिन पेशीपेशीत गडद उमटते. इथे ते उमटले नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना धरून ठेवणारी प्रथिने, म्हणजे त्यांचे ग्राहक, नव्हते. जठराच्या ग्रंथींचे म्यूक-६ हे प्रथिन मात्र ठळक होते. आणि शेवटच्या ब्लॉकच्या एका कोपऱ्यात थोड्या पेशी अशा सापडल्या, की ज्यांनी सभ्यपणा सोडला होता: मोठी केंद्रके, विस्कटलेली रांग, दोन विभाजने. तरीही मी काचा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवल्या, काही न सांगता. त्यांनी बराच वेळ पाहून एकच प्रश्न विचारला: "हिला पाणी जातं का?"

त्यांनी तो प्रश्न काच पाहून विचारला, आणि मी सात महिन्यांपूर्वी काच हातात असताना तो विचारला नव्हता.

मी त्यांच्या जुन्या पॅप स्मिअरच्या काचाही मागवून घेतल्या. दोन्ही नॉर्मल म्हणून गेल्या होत्या, आणि केंद्रकांपुरते बोलायचे तर त्यात चूक नव्हती. पण दुसऱ्या काचेवर मधाच्या पोळ्यासारखा पेशींचा एक पुंजका होता आणि त्यातल्या म्यूकसला सोनेरी पिवळा रंग आला होता. पॅपच्या रंगात नेहमीचे म्यूकस गुलाबीसर दिसते. जठराच्या जातीचे असे पिवळे पडते. ही खूण ज्यांनी एकदा पाहिली आहे त्यांना ती दिसते. ज्यांनी वाचलेलीही नाही त्यांना ती काचेवरचा रंगाचा फरक वाटते, आणि रंगाचे फरक रोजच होत असतात. ती काच तपासणाऱ्या व्यक्तीला दोष द्यावा असे मला मुळीच वाटले नाही.

मग मी माझी स्वतःची काच काढली. काचा आणि ब्लॉक वर्षानुवर्षे जपून ठेवण्याचा आमच्या विद्येचा नियम आहे, आणि तो किती मोलाचा आहे हे सांगताना मला नेहमी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाई आठवतात. १९५१ मध्ये त्यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचे निदान पृष्ठभागाच्या चपट्या पेशींचा कर्करोग असे झाले आणि त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या पेशी 'हेला' या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या, पण ती गाठ मुळात ग्रंथींची, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा होती, ही दुरुस्ती प्रसिद्ध झाली ती १९७१ मध्ये. त्यांचा कर्करोग या लेखातला नव्हे. त्यांच्या पेशींत एचपीव्ही-१८ सापडला आहे. पण ज्या पेशी साऱ्या जगाने भिंगाखाली पाहिल्या, त्या जिच्यातून घेतल्या त्या गाठीचे नाव वीस वर्षे चुकीचे होते, आणि ते बदलता आले कारण काचा शिल्लक होत्या.

माझ्या काचेवर, तुकड्याच्या खालच्या कडेला, अर्ध्या कापल्या गेलेल्या दोन ग्रंथी होत्या. त्यांच्या पेशी फिकट, भरलेल्या आणि कडा स्पष्ट असलेल्या होत्या. एका ग्रंथीला कोपरा होता. तेवढ्यावरून कर्करोग म्हणणे अयोग्य ठरले असते. ते मी आजही म्हणणार नाही. पण 'तुकडा वरवरचा आहे, तक्रार राहिल्यास खोलवरचा नमुना घ्यावा' हे एक वाक्य लिहिण्याइतके तिथे निश्चित होते. मी त्या ग्रंथी तेव्हा पाहिल्या होत्या की नाही, हे मला आठवत नाही. पाहिल्या असतील तर सुजेने वाकड्या झाल्या असे समजून पुढे गेले असेन.

यात भाषेचाही वाटा आहे, असे मला फार वाटते. आपल्याकडे बायका या विषयावर बोलताना शब्द आधीच निम्मा करतात. 'अंगावर जातं' म्हटले की कधी लाल असते, कधी पांढरे. जुन्या बायका 'धुपणी' म्हणतात. जे पांढरे नाही, लाल नाही, केवळ पाण्यासारखे आहे, त्याला रुळलेला वेगळा शब्द नाही; म्हणून तेही पांढऱ्यात जमा होते. सांगणारी संकोचाने 'पांढरं' म्हणते, ऐकणारा घाईत तेच लिहितो, आणि कागद माझ्यापर्यंत येईपर्यंत दिवसाला सहा पॅड बदलणारी बाई 'पांढरे जाणे' एवढी उरते. ज्या लक्षणावरून हा आजार ओळखायचा, तेच लक्षण वाटेत नाहीसे झालेले असते. मी ते विचारून घेऊ शकले असते. फोन माझ्या टेबलावरच होता.

निदान कळवल्यानंतर बाईंनी त्यांच्या डॉक्टरांना सांगितले, की सही करणाऱ्या मॅडमना मला भेटायचे आहे. अशी विनंती क्वचित येते. त्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. मी काय लिहिले आहे ते समजावून सांगू लागले आणि सवयीने म्हणाले, "हा प्रकार फार दुर्मीळ आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "दुर्मीळ असेल, पण मला तर पूर्ण झालाय ना?" त्यानंतर मी तो शब्द त्यांच्यासमोर वापरला नाही.

मग त्यांनी विचारले, "म्हणजे आधीच्या सगळ्या तपासण्या खोट्या होत्या का?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर नीट देणे माझे कर्तव्य होते. मी म्हणाले, तपासणी तिला जे विचारले जाते तेवढेच सांगते. एचपीव्हीच्या तपासणीला विचारलेले असते, 'हा विषाणू आहे का?' तिने 'नाही' म्हटले आणि ते खरे होते. गर्भाशयमुखाचे बहुतेक सगळे कर्करोग या विषाणूमुळे होतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ शोधून काढला, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि लस व तपासणी यांची सगळी व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. पण तुमचा कर्करोग त्या विषाणूशिवाय झालेल्या थोड्यांपैकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात ग्रंथींच्या कर्करोगांचे एचपीव्हीशी संबंधित आणि एचपीव्हीविना असे सरळ दोन भागच केले आहेत.

बहीण इतका वेळ गप्प होती. ती आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे मॅडम, ताईचा आजार तसला नाही ना?"

'तसला' या शब्दात काय काय भरलेले असते ते मला ठाऊक आहे. मी 'नाही' म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती पाहून मला तिथेच थांबवेना. मी तिला सांगितले, की विषाणू असता तरी त्यात ताईचा काही दोष नसता. लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो. तिला ते किती पटले कोण जाणे. ताईंनी मात्र बहिणीच्या हातावर हात ठेवला.

बोलता बोलता मी बाईंच्या ओठांकडे पाहत होते. प्यूट्झ-जेगर्स नावाच्या आनुवंशिक विकारात ओठांवर आणि तोंडात काळसर ठिपके असतात, आतड्यात पॉलिप होतात, आणि अशा स्त्रियांमध्ये हा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असते. त्यामागचे एसटीके-११ हे जनुक १९९८ मध्ये सापडले. त्यांच्या ओठांवर काही नव्हते, घरातही कोणाला तसे नव्हते. तरी जनुकीय सल्ला घ्यावा असे मी सुचवले, कारण समोर सख्खी बहीण बसली होती.

उपचारांचे क्षेत्र माझे नव्हे, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहिते. हा कर्करोग बीजकोशांकडे आणि पोटाच्या आतल्या आवरणाकडे नेहमीच्या प्रकारापेक्षा अधिक जातो, आणि किरणोपचार व केमोथेरपी यांना तो कमी दाद देतो. बीजकोशात पसरला तर ती बीजकोशाचीच म्यूकसची गाठ आहे असा समज होऊ शकतो, म्हणजे दुसऱ्यांदा फसण्याची सोय. बाईंचे गर्भाशय, दोन्ही बीजकोश आणि लसिकाग्रंथी काढल्या. त्यांचे काप मीच पाहिले, एकेक ब्लॉक, घाई न करता. डाव्या बीजकोशाच्या पृष्ठभागावर तीन ग्रंथी होत्या, लाल रंग घेणाऱ्या. बाकी ठिकाणी काही नव्हते. त्यानंतर किरणोपचार आणि केमोथेरपी झाली.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. हे वाचून कोणी 'पॅप आणि एचपीव्हीचा उपयोग काय' असे म्हटले, तर मला मोठे दुःख होईल. या कर्करोगाच्या एका स्त्रीमागे नेहमीच्या प्रकाराच्या कितीतरी स्त्रिया असतात, आणि त्या याच तपासण्यांनी वाचतात. मुलींपैकी ९० टक्क्यांना वयाच्या १५ व्या वर्षाच्या आत लस, स्त्रियांपैकी ७० टक्क्यांची वयाच्या ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी, आणि आजार सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार, हे २०३० साठीचे जागतिक उद्दिष्ट आहे आणि ते गाठले जावे असे मला मनापासून वाटते. तपासणी करून घ्याच. आणि तपासणी नॉर्मल आल्यावरही पाणी जात राहिले, तर पुन्हा जा आणि 'पाणी' हाच शब्द वापरा. दिवसाला किती पॅड लागतात ते सांगा. लिहून घेणारा 'पांढरे' लिहीत असेल तर त्याला थांबवा.

उपचार संपल्यानंतर तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी एकट्या. त्यांना पहिल्या रिपोर्टविषयी विचारायचे होते. मी सांगितले, की जुनी काच पुन्हा पाहून मी त्याला पुरवणी जोडली आहे आणि तिच्याखाली तारीख आणि सही आहे. त्या म्हणाल्या, "मराठीत वाचून दाखवाल?" मी वाचले: नमुन्याच्या खोल कडेला असामान्य आकाराच्या दोन ग्रंथी आहेत; नंतरच्या निदानाच्या प्रकाशात त्या जठरसदृश ॲडिनोकार्सिनोमाशी सुसंगत आहेत; पहिल्या रिपोर्टमध्ये त्यांची नोंद झालेली नाही.

त्यांनी कागद हातात घेऊन खालपासून वरपर्यंत पाहिला. इंग्रजी अक्षरे त्यांना लागत होती. तक्रारीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले. "इथं अजून तेच आहे."

मी कागद परत घेतला, 'पांढरे जाणे' हे शब्द वाचता येतील अशा बेताने त्यांवर एक रेघ ओढली, आणि त्या सांगत गेल्या तसे शेजारी लिहिले: दोन वर्षे सतत स्वच्छ, पातळ पाणी जाणे, रक्त नाही, वास नाही, खाज नाही, दिवसाला ६ पॅड.